शाईचे वजन

सरकारी नोकराच्या आयुष्यातील खरे ग्रंथपरीक्षण बदलीच्या वेळी होते. हुकूम हाती पडतो, पंधरा दिवसांत चार्ज द्यावयाचा असतो, आणि घरातील प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला जातो : तुला न्यावे की इथेच ठेवावे? भांडीकुंडी या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतात. अंथरुणे-पांघरुणेही होतात. पुस्तकांपाशी मात्र पहिली चकमक झडते. सामान बांधणाऱ्या हमालालादेखील पुस्तकांचा खोका लोखंडाच्या खोक्याहून अधिक नकोसा वाटतो. लोखंड जड असावयाचेच हे त्याला ठाऊक असते. कागद इतका जड का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

१९९८ साली नागपूरहून बंगळूरला आमची बदली झाली, तेव्हा पुस्तकांचे नऊ खोके भरले. आमच्या सौभाग्यवतींनी इतर खोक्यांवर 'स्वयंपाकघर', 'गरम कपडे', 'देव' अशी व्यवस्थित नावे घातली होती. पुस्तकांपाशी त्या क्षणभर थबकल्या आणि मग नऊही खोक्यांवर त्यांनी एकच शब्द लिहिला : 'भेळ'. वास्तविक आम्हाला राग यावयास हवा होता. पण आत डोकावून पाहिले आणि तो आला नाही. अजिंठ्याच्या चित्रांवरील ग्रंथाच्या अंगावर मधमाश्यांवरचे पुस्तक रेलले होते. ज्ञानकोशाचे तीन खंड होते, परंतु ते लागोपाठचे नव्हते. ग्रहताऱ्यांवरील पुस्तकाखाली दशावतारी खेळांवरची एक पुस्तिका आणि तिच्याखाली इमारती लाकडाच्या जातींची माहिती देणारे वनखात्याचे एक जुने प्रकाशन. आमचे खाते लेखापरीक्षेचे! जन्मभर आम्ही इतरांच्या खर्चावर आक्षेप काढले. परंतु या खर्चाचा मंजूर कामाशी संबंध काय, असा आक्षेप आमच्यावरच कोणी काढला असता, तर त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नव्हते.

अर्थात उत्तर नसले म्हणजे माणूस वंशावळ पुढे करतो. तशी आम्हीही केली. या रोगाला मराठीत मोठा वंश आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढले, ते पदार्थविज्ञानापासून इतिहासापर्यंत सर्व दिशा दाखविण्यासाठीच. १८६७ साली निघालेल्या एका मासिकाने तर हा सारा कार्यक्रम आपल्या नावातच सांगून टाकला : 'विविधज्ञानविस्तार'. त्याचे पहिले संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे. एका हाताने ते 'मोचनगड' ही कादंबरी लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने व्याकरण. पुढे केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला, आणि तेवढ्याने समाधान न होऊन कादंबऱ्याही लिहिल्या. पूर्वजांनीच अशी भेळ खाल्ली असता आम्हा वंशजांकडून एका विषयाच्या उपवासाची अपेक्षा का करावी?

बंगळूरने आमच्या या दुर्गुणाला भरपूर खतपाणी घातले. येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्हाला बसवनगुडीचा शोध लागला. तेथे पायी फिरण्याच्या अंतरात १९४५ या एकाच साली जन्मलेल्या दोन संस्था आहेत. एक बहमन पेस्तनजी वाडिया यांनी स्थापन केलेली जागतिक संस्कृतीची संस्था. हे वाडिया मुंबईचे. १९१८ साली मद्रासेत गिरणी कामगारांची संघटना उभी करण्यात ते अग्रणी होते, आणि तेच पुढे येथे येऊन ग्रंथालय आणि व्याख्यानमंदिर उभारून बसले. दुसरी संस्था पाहून तर आम्ही रस्त्यातच उभे राहिलो. फलकावर चक्क गोखल्यांचे नाव! गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी, त्यांच्या नावाने, डी. व्ही. गुंडप्पा या कन्नड साहित्यिकाने सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासासाठी ती स्थापन केली. गुंडप्पा मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण झालेले नव्हते. वर्तमानपत्रे चालविणे, राज्यशास्त्रावर लिहिणे, गीतेवर निरूपण करणे आणि 'मंकुतिम्मन कग्ग'सारखे काव्य रचणे, हे सर्व त्या एका माणसाने केले. १९७० साली कर्नाटकाने त्यांचा सत्कार करून थैली अर्पण केली, ती त्यांनी तशीच या संस्थेला देऊन टाकली. परमुलखात आपल्या माणसाचे नाव इतक्या आदराने जपलेले पाहिले म्हणजे मराठी माणसाची मान ताठ होते. त्या ताठ मानेनेच आम्ही आत शिरलो आणि दर रविवारी शिरू लागलो.

रविवार सोडून इतर संध्याकाळी चर्च स्ट्रीट होता. तेथील 'प्रीमियर' हे दुकान २००९ साली बंद झाले. परंतु ज्यांनी ते पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढून ते हलणार नाही. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांचे ढीग, माणसाला आडवे होऊन जावे लागेल अशी वाट, आणि ढिगाच्या तळाशी असलेले नेमके पुस्तक वरचा डोलारा न पाडता ओढून काढणारे मालक शानभाग. आम्ही एक पुस्तक मागावयास जावे आणि ते ढिगातून निघताना दिसलेली दुसरीच तीन घेऊन परत यावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. नऊ खोक्यांचे पंधरा खोके कधी झाले, हे कळलेही नाही.

याच दिवसांत एक प्राचीन साक्षीदार आमच्या हाती लागला. परमुलखात नेमणुकीवर आलेल्या आपणासारख्या अधिकाऱ्यांनी ज्यांना आपले मूळपुरुष मानावे, ते शहाजीराजे. विजापूरच्या फौजेने १६३८ साली केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि हा मुलूख शहाजीराजांकडे आला. त्यांच्या येथील दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह छापून प्रसिद्ध केले. जयरामाने महाराजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा का, असे विचारता, आपण बारा भाषांतून कविता करतो, हे उत्तर त्याने दिले. संस्कृत, मराठी, कानडी, फारसी अशा भाषांची तेथे वर्दळ होती, आणि समस्या घालणारे नि पुऱ्या करणारे निरनिराळ्या मुलखांतून आलेले होते. हे वाचून आम्हाला केवढे बळ आले म्हणून सांगावे! आमची भेळ ही भेळ नसून ते बंगळूरच्या मराठी दरबाराचे नारळ होते. सौभाग्यवतींना आम्ही तसे ऐकवलेही. त्यांनी एक नारळ चटणीसाठी मागितला.

२००३ साली आमच्या मातोश्री वारल्या आणि वडील आमच्याकडे राहावयास आले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. कोल्हापूर जिल्ह्यातील एका लहानशा गावी त्यांचे सारे आयुष्य गेले होते. शेती हा त्यांचा व्यवसाय आणि भजनात मृदंग वाजविणे हा त्यांचा जीव. पंढरीच्या वाटेवर मृदंग गळ्यात अडकवून त्यांनी किती वाऱ्या केल्या, याचा हिशेब त्यांनीच ठेवला नव्हता. बंगळूरला येताना त्यांनी एक ट्रंक आणि घोंगडीत गुंडाळलेला मृदंग एवढेच आणले. ट्रंक आम्ही पलंगाखाली सरकवली. मृदंग त्यांनी स्वतः कोपऱ्यात ठेवला, आणि नंतरचे कित्येक महिने त्याची घोंगडी सुटली नाही.

शहरात आबांना बोलावयास कोणी नव्हते. शेजारचे गृहस्थ सज्जन होते. परंतु त्यांना मराठी येत नसे आणि आबांना कानडीतले 'विठ्ठल' याखेरीज काही कळत नसे. सकाळी ते गच्चीच्या कडेला खुर्ची टाकून बसत, ते ऊन सरके तशी खुर्ची सरकवीत दुपार करीत. आत आम्ही वाचीत असू. ही गोष्ट आज लिहिताना हात अडखळतो, परंतु लिहिणे भाग आहे. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही मानवजातीच्या संस्कृतीवर वाचीत होतो, आणि पलीकडे एक माणूस दिवस ढकलीत होता. असे जवळजवळ दोन वर्षे चालले.

एका रविवारी चहा घेताना, काही तरी बोलावे म्हणून, आम्ही आबांना जयराम पिंड्यांच्या बारा नारळांची हकीकत सांगितली. ती त्यांनी लक्षपूर्वक ऐकली. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "बारा नारळ ठेवलं, बेस झालं. फोडलं कुठल्या देवापुढं?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. आमच्या भिंतभर कपाटांकडे त्यांनी एकदा नजर फिरवली आणि विचारले, "तू एवढं वाचतोस, ते लावतोस कुठं?"

त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता. शेतकरी एखाद्याच्या अंगणात खताचा मोठा ढीग पाहून ज्या भोळ्या कुतूहलाने विचारील, तसे त्यांनी विचारले होते. म्हणूनच तो प्रश्न जिव्हारी लागला. जांभेकर, गुंजीकर आणि केतकर यांना पुढे करून त्याचे उत्तर देता येईना. कारण त्यांनी वाचलेले सारे कोठे तरी लावले होते. मासिक काढले होते, कोश रचला होता. गुंडप्पांनी थैली जेथे दिली, तेथेच त्यांची विद्याही गेली होती. जयरामाचे नारळ तरी राजापुढे होते. आमचे नारळ खोक्यातून खोक्यात फिरत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सर चंद्रशेखर वेंकट रमण यांच्या शास्त्रीय लेखांचा ध्वनीविषयक खंड आमच्या हाती आला. रमण म्हणजे बंगळूरचे भूषण. येथील विज्ञानसंस्थेचे ते संचालक होते. येथेच १९३४ साली त्यांनी विज्ञान अकादमी आणि १९४८ साली आपली संशोधनसंस्था काढली. १९७० साली त्यांचा देह त्याच संस्थेच्या आवारात अग्नीच्या स्वाधीन झाला. परंतु आम्हाला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते ती निराळ्या कारणाने. ते मूळचे आमच्या जातीचे, म्हणजे हिशेबखात्याचे! १९०७ साली कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून ते रुजू झाले. कचेरीपूर्वी पहाटे आणि कचेरीनंतर रात्री बऊबाजारातील प्रयोगशाळेत काम करीत. मध्ये त्यांची रंगूनला आणि नंतर नागपूरलाही बदली झाली होती. सरकारी नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले ते १९१७ साली. आपल्या मनावर परिणाम करणारी म्हणून त्यांनी तीन पुस्तके सांगितली आहेत, त्यांची यादी पाहिली तर सौभाग्यवतींनी त्या खोक्यावरही 'भेळ' असेच लिहिले असते. एक, एडविन आर्नल्डचे बुद्धचरित्रावरील काव्य 'द लाइट ऑफ एशिया' (हा आर्नल्ड काही वर्षे पुण्याच्या संस्कृत कॉलेजचा प्राचार्य होता). दुसरे, युक्लिडची भूमिती. आणि तिसरे, हेल्महोल्ट्झचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ. काव्य, गणित आणि नाद!

त्या खंडात मृदंगावरचे लेखन होते. या विषयावर रमण यांनी १९२० साली प्रथम लिहिले आणि बंगळूरला आल्यावर १९३४ साली विस्ताराने. त्यातील मुद्दा थोडक्यात असा : तार छेडली म्हणजे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही तिच्यातून निघतात. ते एकमेकांशी जुळतात, म्हणून तार गोड वाटते. ताणलेल्या कातड्याचे तसे नसते. त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडनिडे असतात. कोणाचा कोणाशी मेळ नसतो, म्हणून नुसता ढोल गोंगाट करतो. मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाईचे वजन चढविले की ही विस्कटलेली कंपने आपापली जागा बदलतात. नऊ तऱ्हांची कंपने एकत्र येऊन पाच सुसंवादी स्वरांत बसतात. पुडीवर बारीक वाळू पसरून आणि ठरावीक जागी बोट टेकवून रमण यांनी कंपनांच्या आकृतीही उमटवून दाखविल्या.

त्या रात्री आम्ही तो खंड घेऊन आबांच्या खोलीत गेलो. जमेल तसे मराठीत समजावून सांगितले. पहिल्यांदा ते गप्प राहिले. मग उठले, कोपऱ्यात गेले आणि त्यांनी घोंगडी सोडली.

"वाळू कुठली आणतोस? रवा आण."

मृदंग उभा करून, शाईची पुडी वर करून, त्यांनी त्यावर चिमटीने रवा पसरला. वाद्या ओढून गठ्ठे हातोडीने वरखाली केले. मग एक बोट हलकेच टेकवून दुसऱ्या बोटाने कडेला वाजवू लागले. पाचसात आघात झाले, आणि रवा नाचत नाचत एका रेषेत येऊन बसला. टेकवलेल्या बोटापासून निघून ती रेषा पुडीच्या मधून पलीकडे गेली होती. बोटाची जागा बदलली की रेषाही फिरे. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रव्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

"हे बोट हितं का टेकवायचं, आमच्या गुरवानं सांगितलं न्हवतं," आबा म्हणाले. "नुसतं टेकव म्हणाला." आणि मग, दोन वर्षांचे मौन सुटल्यासारखे, ते बोलू लागले. कोरी पुडी नुसती बोंबलते. शाई चढली की सूर धरते. वजन पाहिजे, पण ते मधोमध पाहिजे. बोटभर सरकले तर पुडी वाया गेली. लोखंडाचा कीस आणि खळ यांचा थर द्यावयाचा, दगडाने घोटावयाचा, वाळू द्यावयाचा, मग दुसरा थर. घाई करून एकदम थापली तर शाईची खपली निघते.

ते सांगत होते आणि आमच्या मनात एक वेगळीच पुडी वाजत होती. शाई या शब्दाने आमच्या भाषेत दोन घरे मांडली आहेत. एक पुस्तकात, एक मृदंगावर. पुस्तकातील शाई आम्ही जन्मभर डोळ्यांखालून घातली होती, पण तिचे वजन कोठे ठेवले नव्हते. चित्रकला वाचली, ग्रहतारे वाचले, मधमाश्या वाचल्या. प्रत्येकाचा स्वर निघाला, एकाशीही दुसऱ्याचा जुळला नाही. विषय पुष्कळ होते हा त्यातला दोष नव्हता. रमण यांचेही विषय पुष्कळ होते : वाद्ये, समुद्राची निळाई, हिरे, फुलांचे रंग, डोळ्याची दृष्टी. परंतु त्या सर्वांच्या मध्यभागी एक वजन होते : जे कान ऐकतो आणि डोळा पाहतो, ते तसे का, हा एकच ध्यास. त्यामुळे ते कोठेही गेले तरी सुरात राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक वही आणली. डाव्या पानावर आबांचे शब्द, उजव्या पानावर त्यास जुळणारे पुस्तकातील ज्ञान. आता आमचे वाचन कामास येऊ लागले. खोडाचे लाकूड कोणते, हे आबा सांगत, तेव्हा वनखात्याचे ते जुने प्रकाशन धूळ झटकून बाहेर आले. लेण्यांतील वादकांच्या मूर्ती पाहताना आबा वाद्य कोणते आणि हात कसा पडला आहे, हे पाहत. आम्हाला आजवर तेथे फक्त मूर्ती दिसल्या होत्या. ज्ञानकोशाच्या तीन विजोड खंडांचाही उपयोग झाला. खोक्यांवरचा 'भेळ' हा शब्द तसाच होता, पण आत काही तरी शिजू लागले होते.

वही भरत होती, आबांची खुर्ची गच्चीवरून आमच्या टेबलापाशी आली होती. दर एकादशीला मृदंग वाजू लागला. शेजारचे कानडी गृहस्थ पुरंदरदासांची पदे म्हणत आणि आबा ठेका धरीत. भाषेवाचून दोघांचे काही अडले नाही.

उजव्या पुडीचे प्रकरण पुरे झाले. राहिली डावी, म्हणजे धुम. तिला शाई नसते. वाजविण्यापूर्वी ओली कणीक लावतात आणि वाजवून झाल्यावर काढून टाकतात. तिचे वजन दर वेळी नव्याने ठरवावे लागते. कणीक किती सैल, थर किती जाड, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, हे आम्ही विचारू लागलो, तेव्हा आबा म्हणाले, "हे लिहून व्हायचं न्हाई. एकदा बसू. तुझीच बोटं कणकंत घालतो." वर्षअखेरचे हिशेब चालू होते. आम्ही म्हटले, एप्रिलात बसू. २००७ सालच्या त्या मार्चमध्येच आबा गेले.

वहीत 'धुम' असा मथळा आहे आणि त्याखाली दोन्ही पाने कोरी आहेत. पुस्तके पाहून उजवे पान आम्ही केव्हाही भरू शकू. डावे भरणारा आता कोणी नाही. निवृत्तीनंतर आम्ही बंगळूरलाच राहिलो; आता बदलीचा हुकूम येणार नाही, म्हणून खोके मोडून टाकले. पावसाळ्यात मृदंगाची पुडी उतरते, तेव्हा गठ्ठे ठोकून आम्ही ती चढवू पाहतो. कधी जमते, कधी जमत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, बंगळुरात काय, भोपाळात वा दिल्लीत काय, गावाकडून आलेले कोणी वडीलधारे माणूस गच्चीत खुर्ची सरकवीत बसलेले असेल. हातातले पुस्तक खाली ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही. आम्हालाही ते ठेववत नाही. उघडेच घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसावे, आणि त्यातले जे त्यांच्या हातांना ठाऊक असेल, ते विचारावे. मात्र एप्रिलची वाट पाहू नये.